तो न्यूट्रॉन करतो काय?

अकरावीच्या रसायनशास्त्रात एक चित्र हमखास असतं. तीन वर्तुळं शेजारीशेजारी, प्रत्येकाच्या कडेला इलेक्ट्रॉनचा एकेक ठिपका. पहिल्याच्या केंद्रात नुसता प्रोटॉन. दुसऱ्यात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन, तिसऱ्यात दोन. खाली नावं: प्रोटियम, ड्युटेरियम, ट्रिटियम. हायड्रोजनची तीन समस्थानिकं. मुलं हे पाच मिनिटांत उरकतात, कारण शून्य-एक-दोन मोजण्यापलीकडे त्यात काही मागितलेलंच नसतं. अणुअंक तिघांचाही १, अणुवस्तुमानांक १, २, ३. परीक्षेतला एक गुण पक्का, चला पुढचा धडा काढा.

मी ठाण्यात, नौपाड्यात, अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. कळव्याहून येणाऱ्या एका मुलीने हे चित्र वहीत नीट उतरवून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "मॅडम, पण तो न्यूट्रॉन करतो काय?"

तिचा हिशेब सरळ होता. मूलद्रव्य कोणतं ते प्रोटॉन ठरवतो. दुसऱ्या अणूशी बंध जुळवायचं काम इलेक्ट्रॉनचं. न्यूट्रॉनला प्रभारच नाही, म्हणजे इलेक्ट्रॉनशी त्याचं देणंघेणं नाही. मग तीन प्रकार वेगळे सांगायचे कशाला?

"अगं, वजन वाढतं ना."

"वाढलं तर वाढलं. इथे पुढेच लिहिलंय, समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे असतात."

लिहिलेलं असतं खरं. क्लोरिनपुरतं, युरेनियमपुरतं ते बऱ्यापैकी चालूनही जातं. क्लोरिन-३५ आणि क्लोरिन-३७ यांच्या वजनातला फरक सहा टक्क्यांच्या आतला, युरेनियम-२३५ आणि २३८ मध्ये तर जेमतेम सव्वा टक्का. हायड्रोजनचं तसं नाही. इथे एक न्यूट्रॉन आला की वजन दुप्पट, दोन आले की तिप्पट. अख्ख्या आवर्तसारणीत अशी उडी दुसऱ्या कुणाला नाही. आणि समस्थानिकांचे गुणधर्म सारखे असतात हे शिकवायला आपण उदाहरण घेतो ते हायड्रोजनचं! मला ही पाठ्यपुस्तकांची कमालच वाटते.

तिला तेव्हा दिलेलं उत्तर तासाच्या घाईतलं होतं. इथे मला कुणी घंटा वाजवून उठवणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ड्युटेरियमचा शोध १९३१ सालच्या अखेरीचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला हॅरॉल्ड युरी, त्याच्यासोबत जॉर्ज मर्फी, आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधला फर्डिनंड ब्रिकवेड. युरीला त्याबद्दल १९३४ चं नोबेल मिळालं. पण या शोधातला सगळ्यात सुरस भाग म्हणजे त्यातले घोळ, आणि ते मुलांना कुणी सांगत नाही.

पहिला घोळ आकड्यांचा. हायड्रोजनचं वजन दोन रीतींनी काढलेलं होतं. रसायनशास्त्रज्ञांनी ते साध्या ऑक्सिजनशी ताडून काढलं होतं, आणि केंब्रिजच्या ॲस्टनने त्याच्या वस्तुमान-वर्णपटमापकावर, म्हणजे अणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्रावर, ऑक्सिजन-१६ शी ताडून. दोन्ही आकडे जुळत होते, सगळे खूश होते. मग १९२९ मध्ये कळलं की साध्या ऑक्सिजनमध्ये १७ आणि १८ वजनाचे अणूही मिसळलेले असतात. म्हणजे दोघांची मापं मुळात एक नव्हती, आणि तरीही आकडे जुळत होते. हे बरोबर नव्हतं. बर्ज आणि मेंझेल या शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये लिहिलं की हे जुळणं खरं असायचं तर हायड्रोजनमध्येही काहीतरी जड मिसळलेलं असलं पाहिजे, साधारण साडेचार हजारांत एक. युरी ते वाचून कामाला लागला. पुढे काही वर्षांनी ॲस्टनने आपलं मापन सुधारलं आणि त्या सुधारलेल्या आकड्यावरून पाहिलं तर जड हायड्रोजनची गरजच उरत नव्हती! युरीने स्वतः नमूद करून ठेवलंय की ही चूक झाली नसती तर हा शोध घ्यायला बहुधा कुणी गेलंच नसतं. तोवर जड हायड्रोजन बाटलीत भरलेला होता.

आता हजारो अणूंमागे एक असलेला अणू शोधायचा कसा? युरीने इलेक्ट्रॉनलाच साक्षीला घेतलं. आपण मुलांना सांगतो की इलेक्ट्रॉन केंद्राभोवती फिरतो. नीट सांगायचं तर दोघंही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. फुगडीत दोघी सारख्या वजनाच्या असल्या तर दोघी सारख्याच फिरतात, पण एक चांगलीच भारी असली तर ती जागच्या जागी थोडी डोलते आणि दुसरी तिच्याभोवती गरगरते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड, त्यामुळे तो डोलतो ते नावापुरतंच. त्यात न्यूट्रॉन येऊन बसला की ते डोलणं आणखी निम्म्यावर येतं. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या तेवढ्यानेच दहा हजारांत पावणेतीन भागांनी सरकतात. हायड्रोजनच्या दिव्यातली लाल रेषा ६५६.२८ नॅनोमीटरवर असते, जड हायड्रोजनची ६५६.१० वर यायला हवी, हे युरीने आधी कागदावर मांडलं आणि मगच पाहायला सुरुवात केली.

म्हणजे इलेक्ट्रॉनला न्यूट्रॉन दिसत नाही हे त्या मुलीचं म्हणणं बरोबर, पण प्रोटॉन किती हलतोय हे त्याला कळतं, आणि त्यातून न्यूट्रॉनचा पत्ता लागतो. इथे कुणाला घरात काही न बोलता बसलेल्या माणसाचं रूपक सुचेल. सुचू दे, मी ते लिहिणार नाही.

दुसरा घोळ मला त्याहून प्रिय. नमुन्यात जड हायड्रोजन वाढावा म्हणून ब्रिकवेडने कित्येक लिटर द्रवरूप हायड्रोजन, म्हणजे उणे २५३ अंशांचा, हळूहळू उडू दिला आणि तळाशी राहिलेलं युरीला पाठवलं. हलका आधी उडतो, जड मागे राहतो, हा साधा विचार. पहिल्या नमुन्यात जवळपास काहीच वाढलेलं दिसलं नाही. कारण नंतर उलगडलं. तो हायड्रोजन पाण्याचं विद्युत-अपघटन करून, म्हणजे वीज सोडून पाणी फोडून, मिळवला होता आणि त्याआधी सगळं भांडं धुऊन-पुसून ताजं पाणी भरलं होतं. पाणी फोडताना हलका हायड्रोजन भराभर वायू होऊन निघतो आणि जड भांड्यातच बसून राहतो. म्हणजे ब्रिकवेडने मुळात घेतलेला वायूच जडाच्या बाबतीत गरीब होता. ज्या फरकाचा पुरावा शोधायचा, त्या फरकानेच नमुन्यातला पुरावा काढून घेतला होता. रासायनिक गुणधर्म सारखे असते तर हे घडलंच नसतं. पुढच्या नमुन्यांत मात्र रेषा नेमकी हव्या त्या जागी उमटली.

आणि युरीला ती रेषा दिसली तेव्हा न्यूट्रॉन माहीतच नव्हता. चॅडविकने तो जाहीर केला फेब्रुवारी १९३२ मध्ये. त्याआधीच्या समजुतीप्रमाणे जड हायड्रोजनच्या केंद्रात दोन प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन कोंबलेले असायचे. आपण जे चित्र पाच मिनिटांत वहीत काढतो, ते ड्युटेरियम शोधणाऱ्याला त्या दिवशी काढता आलं नसतं.

असो. अणू एकटा आहे तोवर पुस्तक जवळपास बरोबर आहे. तिघांचा आकार सारखाच, इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जाही जवळपास तीच. खरी मजा तो कुणाशी बांधला गेला की सुरू होते.

कार्बनला जोडलेला हायड्रोजन कधी स्वस्थ बसत नाही. बंध सतत लवतो, ताणला जातो, आणि तापमान केवल शून्यापर्यंत नेलं तरी हे थरथरणं पूर्ण थांबत नाही, पुंज यांत्रिकी तशी मुभाच देत नाही. हलका अणू जास्त थरथरतो. म्हणजे त्याचा बंध तुटण्याच्या उंबरठ्याच्या आधीच थोडा जवळ असतो. जड तेवढाच खाली, जास्त घट्ट. इलेक्ट्रॉन तेच, बंध तोच, पण हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवलं तर तो तुटायचा वेग नेहमीच्या तापमानाला सहा-सात पटींनी मंदावू शकतो. कार्बन-१२ च्या जागी कार्बन-१३ बसवलं तर असाच फरक काही टक्क्यांवर भागतो.

औषध कंपन्यांनी याचा फायदा उचललाय. हंटिंग्टन रोगातल्या अनावर हालचालींवर टेट्राबेनॅझिन नावाचं जुनं औषध आहे. त्यातले सहा हायड्रोजन काढून तिथे ड्युटेरियम बसवलं. यकृताला ते रेणू फोडायला जास्त वेळ लागतो, औषध शरीरात जास्त टिकतं. अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला परवानगी मिळाली, या जातीचं ते पहिलंच औषध. बारावीच्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेच्या हिशेबाने ही दोन औषधं एकच आहेत.

जड पाण्याबद्दल, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या पाण्याबद्दल, मुलांना एवढंच ठाऊक असतं की ते अणुभट्टीत घालतात. ते गोठतं ३.८ अंशांना, उकळतं १०१.४ ला, आणि साध्या पाण्याहून दहा-अकरा टक्के जड असतं. त्यामुळे जड पाण्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तळाला जातो. मी याचा व्हिडिओ वर्गात दाखवते, मुलं तो पुन्हा लावायला सांगतात. शुद्ध जड पाणी पहिल्यांदा १९३३ मध्ये गिल्बर्ट लुईसने बर्कलीत मिळवलं, आणि त्याने त्यात तंबाखूचं बी घालून पाहिलं. ते रुजलं नाही. काही जिवाणू आणि शेवाळं हळूहळू त्यालाही सरावतात. उंदरांचं तसं नाही: अंगातलं पाव पाणी जड झालं की प्रजनन थांबतं, निम्म्याच्या आसपास गेलं की ते मरतात. विष नाही, किरणोत्सर्ग नाही. शरीरातल्या हजारो अभिक्रियांचं एकमेकींशी असलेलं वेळापत्रक बिघडतं, इतकंच. एखादा घोट प्यायला तर माणसाला काही होत नाही. चवीबद्दल १९३५ मध्ये युरीनेच एका सहकाऱ्यासोबत जाहीर केलं होतं की साध्या पाण्यात आणि यात काही फरक लागत नाही. २०२१ मध्ये संशोधकांनी पुन्हा तपासलं, तर जड पाणी माणसाला किंचित गोड लागतं आणि आपल्या जिभेवरचा गोडाचा ग्राहक त्याला प्रतिसाद देतो असं निघालं. उंदरांना तो गोडवा कळत नाही.

हे सगळं कुठेतरी लांब प्रयोगशाळेत असतं असं मात्र समजू नये. साध्या पाण्यात साधारण ६,४०० हायड्रोजनमागे एक ड्युटेरियम असतो. आमच्या इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या आहेत. तशा एका भरलेल्या टाकीत ३५ ग्रॅम ड्युटेरियम असतं. सगळं गोळा करता आलं तर जड पाणी भरेल १७० ग्रॅमच्या आसपास, छोटी वाटीभर. पण ते तसं वाटीभर वेगळं तरंगत नसतं. ड्युटेरियम असलेल्या बहुतेक रेणूंत एक हायड्रोजन साधा आणि एक जड. दोन्ही जड असलेला रेणू चार कोटींत एखादाच. एक किलो जड पाणी हवं तर सहा टन पाणी पिळायला लागेल, तेही एकही अणू न निसटता. प्रत्यक्षात भरपूर निसटतात. अलिबागला फिरायला जाणाऱ्यांना थळचा खत कारखाना माहीत असतो. त्याला लागूनच १९८७ पासून जड पाण्याचा प्रकल्प आहे. खतासाठी अमोनिया करायला हायड्रोजन लागतोच, तर त्यातला जड वाटा आधी काढून घ्यायचा आणि बाकीचा खताकडे परत पाठवायचा. मला ही व्यवस्था फार आवडते. युरियाचं पोतं उचलणाऱ्या शेतकऱ्याला पत्ताही नसतो की त्यातलं ड्युटेरियम आधीच काढून घेतलंय.

पावसातही हा फरक चालू असतो. बाष्प होताना हलक्या पाण्याला घाई असते, जड रेणूची वाफ व्हायची ओढ सात-आठ टक्क्यांनी कमी. त्यामुळे अरबी समुद्रावरून उठलेला ढग समुद्रापेक्षा ड्युटेरियममध्ये गरीब असतो. उलट थेंब होताना जडाला घाई. किनाऱ्यावर, म्हणजे आपल्याकडे, पडतो तो पाऊस त्यातल्या त्यात जड. ढग घाट चढून देशावर जाईतो त्याच्यातलं जड बरंचसं गळून गेलेलं असतं. आणि कोसळणाऱ्या धो धो पावसाचं पाणी रिमझिमीपेक्षा साधारणपणे हलकं भरतं. हॅरमन क्रेगने १९६१ मध्ये जगभरचे नमुने घेऊन दाखवलं की पावसातला ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ एका सरळ रेषेत चालतात. ज्या तळ्यातून बाष्पीभवन झालंय त्याचं पाणी त्या रेषेवरून घसरतं. या हिशेबाने ठाण्यातल्या मासुंदा तलावातलं मे महिन्यातलं पाणी ऑगस्टमधल्यापेक्षा जड असलं पाहिजे. तलावपाळीवर भेळ खाताना मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वासावरून तसंच वाटतंय.

आणि हे ड्युटेरियम आलं कुठून? ते ताऱ्यांत तयार होत नाही, उलट तारे ते जाळून टाकतात. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत जे झालं, तेच आजवर पुरतंय. म्हणजे गच्चीवरच्या टाकीतला प्रत्येक जड हायड्रोजन १३.८ अब्ज वर्षांचा आहे. मला इथे नेहमी थबकायला होतं, कारण सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटंसुद्धा टिकत नाही. त्याचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो नावाचा एक कण बाहेर पडतात, संपला. मग प्रोटॉनशेजारी बसलेला न्यूट्रॉन एवढा काळ कसा राहिला?

याचं उत्तर ऊर्जेच्या जमाखर्चात आहे, आणि ते अकरावीच्या मुलांना समजतं, हे मी छातीठोकपणे सांगते. न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला तर ७८२ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) मोकळे होतात. पण ड्युटेरियममध्ये प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना २२ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टने धरून असतात. न्यूट्रॉन प्रोटॉन झाला तर उरतील दोन प्रोटॉन, आणि दोन प्रोटॉन मुळात एकत्र राहतच नाहीत. म्हणजे २२ लाख मोडून पावणेआठ लाख मिळवायचे. हा व्यवहार कधीच होत नाही, म्हणून न्यूट्रॉन टिकतो.

ट्रिटियममध्ये आणखी एक न्यूट्रॉन येतो. सगळ्यांची पकड मिळून ८४ लाख ८२ हजार. आता एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला तर मागे हेलियम-३ राहतो, आणि तो मोडत नाही, त्याचीही पकड चांगली आहे: ७७ लाख १८ हजार. दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात म्हणून जरा सैल, एवढंच. पकडीतला तोटा ७६४ हजार. न्यूट्रॉन मोडल्याची कमाई ७८२ हजार. शिल्लक अठरा हजार आणि काहीशे. या एवढ्याशा शिलकीवर ट्रिटियम किरणोत्सारी आहे. शिल्लक थोडी म्हणून घाईही थोडी: अर्धायुकाल, म्हणजे निम्मं मोडायला लागणारा काळ, १२.३ वर्षं. शिल्लक थोडी म्हणून बाहेर पडणारा इलेक्ट्रॉनही अशक्त, हवेत पाच-सहा मिलिमीटर जाऊन दमतो आणि कातडीवरच्या मेलेल्या थरात अडकतो.

रूदरफोर्डलासुद्धा इथे चकवा बसला. ट्रिटियम १९३४ मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेत, ऑलिफंट आणि हार्टेक यांच्यासोबत, ड्युटेरियमवर ड्युटेरियम आदळून तयार झालं. पण ते स्थिर असावं अशी समजूत होती, म्हणून तो नॉर्वेहून आणलेल्या जड पाण्यात त्याचा साठा शोधत राहिला, आणि १९३७ मध्ये वारला तोवर ते सापडलं नव्हतं. ट्रिटियम किरणोत्सारी आणि हेलियम-३ स्थिर, हे १९३९ मध्ये अल्व्हारेझ आणि कॉर्नॉग यांनी दाखवलं.

ट्रिटियमबद्दल पुस्तकाबाहेरचं मला कळलं ते कोपरखैरणेच्या मामांकडून. आईचे मामेभाऊ, आधी रावतभाट्याला आणि मग तारापूरच्या जड पाण्याच्या युनिटांवर होते, आता निवृत्त. ट्रान्स-हार्बरने त्यांच्याकडे गेलं की चहाआधी समस्थानिकं निघतात. (नवी मुंबईत हा शब्द अगदीच परका नाही. वाशीला 'ब्रिट' या सरकारी मंडळाच्या प्रकल्पात मसाल्यांवर कोबाल्ट-६० या समस्थानिकाचे किरण सोडतात हे तिथल्या व्यापाऱ्यांना ठाऊक असतं.) भट्टीतल्या जड पाण्यातला एखादा ड्युटेरियम न्यूट्रॉन पकडतो आणि ट्रिटियम होतो, मुद्दाम न करता. जितकं पाणी जुनं तितकं ट्रिटियम जास्त.

"बॅजचा काही उपयोग नाही गं," मामा म्हणाले. "किरणं मोजायला छातीवर लावतो ना, त्याला हे दिसतच नाही. इलेक्ट्रॉन बॅजपर्यंत पोचायला नको का? आणि हा बाहेरून मारत नाही, पाणी होऊन आत जातो. श्वासातून, कातडीतून."

"मग तुम्हाला कळायचं कसं?"

"बाटली. लघवीची. ठरल्या दिवशी द्यायची. त्यात एक द्रव मिसळायचा, तो लुकलुकतो, ते मोजायचं. आकडा जास्त आला की त्या भागातलं काम बंद आणि भरपूर पाणी प्यायचं."

मामी आतून म्हणाल्या, चहाच्या वेळेला तरी नको हे.

पण मामांचं बरोबर होतं. शरीराला ट्रिटियमचं पाणी ओळखू येत नाही, ते त्याला पाणीच समजतं आणि साधारण दहा दिवसांत निम्मं बाहेर टाकतं. जास्त पाणी प्यायलं की आणखी लवकर. मामांच्या बोलण्यात जड पाण्याचा मान सोन्यासारखा असतो. गळती झाली तर वाफ हवेत जाऊ देत नाहीत, हवा कोरडी करणाऱ्या यंत्रांतून ती परत पाणी करून घेतात. प्लास्टिकचा हवा भरलेला सूट घालून आत जायचं, आणि घामाने निथळत बाहेर यायचं.

त्या मुलीच्या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर मला इथेच सापडतं. पाण्याच्या रेणूतला ट्रिटियम मोडतो त्या क्षणी तो हायड्रोजन राहत नाही, हेलियम होतो. हेलियम कुणाशी बंध जोडत नाही. काही न करणाऱ्या न्यूट्रॉनने मूलद्रव्य बदलून टाकलेलं असतं, आणि पाण्याचा तो रेणू पाणी राहत नाही.

निसर्गातही ट्रिटियम असतं, पण नाममात्र. वातावरणात उंचावर वैश्विक किरणांतले न्यूट्रॉन नायट्रोजनला धडकतात आणि थोडं थोडं बनत राहतं, मग पावसातून खाली येतं. १९५० च्या दशकापासून हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी त्यात प्रचंड भर घातली, १९६३ मध्ये पावसातलं प्रमाण टोकाला पोचलं, आणि वातावरणातल्या चाचण्या थांबल्यावर ओसरत गेलं. तेव्हा पडलेल्या ट्रिटियमचा आता बत्तिसावा हिस्सा उरलाय. भूजलवाल्यांना याचा फार उपयोग होतो. पाण्यात ट्रिटियम अजिबात नसेल तर ते बॉम्बच्या आधी जमिनीत मुरलेलं, असेल तर अलीकडचं. त्यातून झालेला हेलियम-३ पण मोजला तर पाणी किती वर्षांपूर्वी मुरलं हेही काढता येतं. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रातले लोक समस्थानिकं मोजून भूजलाचा असा माग काढतात.

मामांच्या सोसायटीत बोअरवेल आहे. उन्हाळ्यात तिचं पाणी कमी झालं की सभेत टँकरवरून भांडण ठरलेलं. गेल्या सभेत मामा उठून म्हणाले की आधी या पाण्याचा नमुना तपासून घ्या. ते दर पावसाळ्यात मुरणारं असेल तर पुनर्भरणावर खर्च करायला अर्थ आहे, जुनंच साठलेलं उपसत असू तर काही वर्षांत बोअर कोरडी पडणार. ट्रिटियम म्हणजे काय हेही त्यांनी सांगितलं, बहुधा बाटलीसकट. सगळं ऐकून घेऊन सेक्रेटरी म्हणाले, "काका, कोटेशन किती ठिकाणचं आणायचं?"